तीन नंबरची बरणी

हल्ली आमच्या प्रयोगशाळेत माझ्या पाठीमागे मला 'जपूनबाई' म्हणतात. मला ऐकू येतं. नव्या मुलींना वाटतं, बाईंचा स्वभावच असा. एक कागद चारदा वाचायचा, पाचव्यांदा चष्मा पुसून वाचायचा आणि सही करायची वेळ आली की पेन हातात धरून घाम पुसत बसायचं. हसू देत बापड्या. पण ते नाव माझं नाही. ते होतं जपूनमामांचं, आणि त्यांनी ते तळमजल्यावर तेवीस वर्षं उंदीर सांभाळून कमावलं होतं.

आमची प्रयोगशाळा औषधं तपासते. म्हणजे कोणी येऊन म्हणालं की आमच्या मुळीने, पाल्याने, सालीने अमुक रोग बरा होतो, तर खरंच होतो का ते आम्ही आधी उंदरांवर बघतो. मी बरण्या भरणारी. मामा उंदीरघर बघणारे. उंच, किडकिडीत माणूस, खिशाला चार पेनं, त्यातली दोन बंद. जिना उतरणाऱ्याला ते 'जपून' म्हणत, चहाचा ग्लास हातात देताना 'जपून', रजेवर निघालेल्याला तर हमखास 'जपून'. आमच्या साहेबांना बढती मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, जपून हं."

त्यांना लिफ्टची भीती वाटे, विजेच्या बटणाची वाटे, कुत्र्याची, अनोळखी फोनची, शेगडीची आणि टपालाने येणाऱ्या जाड पाकिटांची वाटे. उंदरांची मात्र वाटत नसे. पिंजऱ्यात हात घालून एकेकाला तळव्यावर घेत, शेपटीच्या टोकावरून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेत, साखरेचा आकडा वहीत लिहीत आणि उंदराला म्हणत, "झालं रे बाबा, झालं." त्यांच्या हातून उंदीर कधी दचकला नाही. उलट मी खोलीत शिरले की सगळे पिंजरे खडबडत.

ती वही हा एक स्वतंत्र प्रकार होता. नियम असा की उंदीरघरात जे घडेल ते वेळ घालून लिहायचं आणि प्रत्येक पानाखाली मी पडताळून सही करायची. इतर कोणी असता तर दिवसाला दहा ओळी लिहिल्या असत्या. मामा चार पानं लिहीत. 'दहा वाजून दहा, पाणी भरलं. दहा चौदा, पिंजरा सात, कडी तपासली. दहा पंधरा, पुन्हा तपासली.' एकदा 'अकरा दोन, शिंक आली' अशी नोंद सापडल्यावर मी कपाळाला हात लावला होता.

"मामा, शिंका कशाला लिहिता हो?"

"उद्या कोणी विचारलं, अकरा दोनला उंदीर का हलला, तर?"

कोण विचारणार होतं! पण मामांच्या डोक्यात सतत कोणीतरी विचारत असे. सुरुवातीला मी ती पानं वाचायची. नंतर नुसती चाळायची. नंतर वही उघडायची, खाली सही ठोकायची आणि पुढचं पान उलटायची. चार पानं, चार सह्या, अर्ध्या मिनिटात मोकळी. याचा मला थोडा अभिमानही वाटायचा, की कामाचा उरक आहे बाईला. आज आठवलं की लाज वाटते.

त्या वर्षी आमच्याकडे अळंबी आली. जुन्या झाडांच्या बुंध्यावर उगवते ती, लाकडासारखी टणक, तपकिरी. ती पिकवणाऱ्या मंडळींचं म्हणणं होतं की तिची पूड मधुमेहावर चालते. सोबत एका कडू पाल्याची पूडही होती. लोक अशा गोष्टी वर्षानुवर्षं घेत असतात, कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही, आणि ज्याला येत नाही तो बोलायला येत नाही. म्हणून तपासायचं. पाच महिन्यांचं काम होतं. अहवालावर पहिलं नाव माझं येणार होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

अशा कामात एक पथ्य असतं. उंदरांना औषध पाजणाऱ्याला कोणत्या बरणीत काय आहे हे कळता कामा नये. कळलं की त्याच्या डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं. म्हणून मी चार बरण्या भरल्या. एकीत नुसता भाजून दळलेला कोंडा. दुसरीत अळंबी. चौथीत पाला. आणि तिसरीत, त्याच कोंड्यात मिसळून, दुकानात मिळते ती मधुमेहाची नेहमीची गोळी कुटून घातलेली. माहीत असलेल्या औषधाने साखर किती उतरते ते बघायचं आणि त्याच्याशी अळंबीची तुलना करायची, एवढंच तिचं काम. चारही बरण्यांचा रंग सारखा केला. निरुपद्रवी अशी एक कडू पूड घालून वास आणि चवही सारखी केली. वर फक्त आकडे. कशात काय ते लिहिलेला कागद पाकिटात, पाकिटाला लाख, पाकीट साहेबांच्या कपाटात. फोडायचं तर साहेबांची आणि माझी, दोघांची सही लागणार. आणि मुदतीआधी फोडलं तर सगळी तपासणी रद्द.

एक गोष्ट इथेच सांगते. उंदराला वजनाच्या मानाने माणसापेक्षा कितीतरी जास्त औषध लागतं. त्यामुळे तिसऱ्या बरणीतल्या एका चमच्यात जे होतं, ते कोणत्याही डॉक्टरने माणसाला एका दिवसात दिलं नसतं.

मामींना मी चांगली ओळखत होते. मामांच्या घरी दोनदा जेवले होते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि दाराला आतून वरची कडी, खालची कडी, साखळी आणि मध्ये एक आडवा लोखंडी दांडा. खिडक्यांना जाळ्या. मामी म्हणायच्या, "चोर आलाच तर तो आत अडकेल हो, बाहेर जायला त्याला संध्याकाळ होईल." फार गमतीची बाई. प्रत्येक गोष्टीला नाव ठेवायची खोड. साखर मोजायच्या यंत्राला त्या 'चहाडखोर' म्हणत, डॉक्टरांना 'सुईवाला' आणि मला 'बरणीवाली'. "हे मला बघायला आले ना, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी खुर्चीचे पाय हलवून बघितले. मी म्हटलं, हा माणूस मला कधी पडू देणार नाही."

अकरा वर्षं त्यांना मधुमेह होता. त्या वर्षी टाचेला एक जखम झाली आणि तीन महिने झाले तरी भरेना. मामींच्या आईचा पाय असाच गेला होता. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभरात साखर आटोक्यात आली नाही तर पायाबद्दल बोलावं लागेल. मामांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला उंदीर पहिल्यांदा ओरडला. मुठीचा जोर त्यांना कळला नव्हता.

आणि रोज हा माणूस काय बघत होता? एक नंबरची बरणी पाजलेल्या पिंजऱ्यांत साखर होती तिथेच. दोन नंबरच्या थोडी खाली, चारच्याही थोडी. आणि तीन नंबरचे उंदीर, जे महिन्यापूर्वी वाढवलेल्या साखरेने मान टाकून बसले होते, ते आता टवटवीत. रोज स्वतःच्या हाताने आकडा लिहीत होते मामा. त्यांना काय वाटलं असेल ते मला समजतं. त्यांना वाटलं, तीन नंबर म्हणजे अळंबी.

काम संपायला तीन दिवस होते. सकाळी अकराला दहा कमी असताना मामा नेहमीप्रमाणे रुमालात धरून दोन ग्लास चहा घेऊन आले. आम्ही उंदीरघराबाहेरच्या बाकावर बसलो. मामांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"बाई, एक सांगू? तीन नंबरने आमचं घर वाचवलं."

"म्हणजे?"

"रोजचं उरलेलं नेतो ना मी. नऊ दिवस झाले. नखाएवढं देतो हिला सकाळी, पाण्यातून. हिला विश्वास बसेना, पण कडू लागलं तेव्हा म्हणाली, औषधच आहे खरं. दोनशे ऐंशी होती साखर. काल एकशे चौतीस! मी नाही, चहाडखोर सांगतंय."

माझ्या हातातला चहा हिंदकळला. मामा म्हणाले, "जपून."

पाजून उरलेली पूड लाल डब्यात टाकून नष्ट करायची असते. मी विचारलं, "कोणाला विचारून नेलंत?"

मामा गोंधळले. "तुम्हाला. लिहितो की रोज. 'उरलेलं तीन नंबर घरी नेलं.' तुम्ही खाली सही करता ना. पहिल्या दिवशी नुसतं लिहून ठेवलं, नेलं नाही. म्हटलं, बाई ओरडतील. दुसऱ्या दिवशी वही बघितली तर सही. मग नेलं. सहीशिवाय मी कशाला हात लावेन, बाई?"

मी ग्लास बाकावर ठेवला. पण मामा बोलतच होते.

"आज मात्र नखाएवढं नाही, चांगला अर्धा चमचा दिला. एक वाजता पायाचा निकाल आहे ना. म्हटलं, आकडा बघून सुईवाला चाट पडला पाहिजे. रक्त उपाशीपोटी द्यायचंय, म्हणून काल रात्रीपासून पाण्यावर आहे बिचारी."

"आणि नेहमीची गोळी?"

"ती पण दिली. साडेसातला. ती कशी चुकवीन?"

मला तेव्हाच सगळं कळलं. हे मी स्पष्ट लिहिते आहे, कारण पुढे मी वेगळं सांगितलं. अर्धा चमचा, वर रोजची गोळी, पोटात अन्नाचा कण नाही आणि घरात एकटी बाई. रक्तातली साखर उतरत उतरत इतकी खाली जाणार की मेंदूलाच काही उरणार नाही. घाम येतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, मग शुद्ध जाते. 'मामा, घरी पळा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "आले हं मी," आणि वर गेले.

का गेले? मी स्वतःला शंभर कारणं दिली आहेत. पाकीट दोघांच्या सहीशिवाय फोडायचं नाही, हे एक. तोंडाने सांगितलं तरी ते फोडल्यासारखंच, हे दुसरं. पाच महिन्यांचं काम तीन दिवसांसाठी मातीत जाईल, हे तिसरं. पण खरं कारण त्या वहीत होतं. नऊ दिवस, प्रत्येक पानाखाली माझी सही. माझी पाचावर धारण बसली होती ती मामींसाठी नव्हे, माझ्यासाठी. मला वाटलं, हे साहेबांच्या तोंडून जावं. म्हणजे ते एकट्या माझ्यावर येणार नाही.

साहेब काचेच्या खोलीत अळंबीवाल्या पाहुण्यांबरोबर बसले होते. मी दारावर टकटक केलं. त्यांनी दोन बोटं वर केली, दोन मिनिटं. मी बाहेर उभी राहिले. कागदाच्या तुकड्यावर हिशोब मांडला, किती पूड, किती गोळी, मामींचं वजन किती. उत्तर आलं. कागदाची घडी घातली. पुन्हा उघडून पुन्हा हिशोब केला, जणू दुसऱ्यांदा वेगळं उत्तर येईल. पुन्हा टकटक. पुन्हा दोन बोटं. तरी मी तिथेच उभी होते. काही होणार नाही, नऊ दिवस काही झालं नाही, झोपल्या असतील, असं म्हणत होते. तेवढ्यात काचेपलीकडे एका पाहुण्याने चहात साखर घालायला चमचा उचलला. अर्धा भरला, थोडी साखर परत डबीत सांडली आणि बाकीची कपात ढवळली. किती सावकाश ढवळत होता तो माणूस! मग मात्र मी धावत जिना उतरले.

मामा पिंजरा धूत होते. मी म्हटलं, "मामा, तीन नंबर म्हणजे अळंबी नाही. गोळीच आहे, उंदरांच्या मापाची. घरी चला. आत्ता."

ते ओरडले नाहीत. त्यांनी पिंजऱ्याची कडी लावली, एकदाच. मग वहीकडे गेले, खिशातलं पेन काढलं आणि काहीतरी लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

"मामा, वही राहू द्या हो!"

"झालं," ते म्हणाले.

प्रयोगशाळेची सामान वाहायची गाडी होती तीच काढली. मामींचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. शेजारी एक शिंपीणकाकू राहतात, त्यांना लावला. त्या म्हणाल्या, "केव्हाची वाजवतेय कडी. उघडत नाहीत. पाण्याचा आवाज येतोय आतून." मी म्हटलं, "दार तोडा." त्या म्हणाल्या, "यांचं दार? अहो, हत्ती आणला तरी तुटायचं नाही ते." मी त्यांना खालच्या सुताराला आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. मामा चालकाच्या शेजारी बसले होते. गाडीत बसल्यावर दर वळणाला 'जपून' म्हणणारा माणूस. ते चालकाला म्हणाले, "जोरात चालवा. आणखी जोरात."

दुसऱ्या मजल्यावर सुतार पहारीने दार उचकटायचा प्रयत्न करत होता. वरची कडी उखडली होती, खालची वाकली होती, आडवा दांडा मात्र हलत नव्हता. मामा दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. "अगं मी आहे. मीच आहे गं. उघड." आणि एकदम थांबले. मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "मीच सांगितलंय तिला. मी आहे, असं कोणीही म्हणेल, उघडू नकोस म्हणून."

ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. आतून फक्त नळाच्या पाण्याचा आवाज येत होता. सुताराच्या प्रत्येक घावाला मामा डोळे मिटून घेत. मी मनात एकच घोकत होते, असू देत, जिवंत असू देत, मी सगळं सांगेन, सगळं कबूल करेन, फक्त असू देत.

दांडा चौकटीसकट निघाला. मामी स्वयंपाकघरात जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या. खुर्ची आडवी, नळ सुरू. साडी पाण्यातून काढल्यासारखी घामाने भिजलेली. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. श्वास होता. मी त्यांचं डोकं एका अंगाला वळवलं आणि ओल्या बोटाला साखर लावून गालाच्या आत चोळली. मामा दारातच उभे. तेवीस वर्षं थरथरणाऱ्या जीवांना हातात धरणारा माणूस, पण बायकोला हात लावायची त्यांची हिंमत होईना. "माझ्याने नको, बाई," एवढंच म्हणाले.

डॉक्टर आले, शिरेतून साखरेचं पाणी दिलं. मामींनी डोळे फिरवले, ओठ हलवले. आम्हाला वाटलं, सुटलो. पण ते औषध लवकर उतरणारं नव्हतं. अर्ध्या तासात त्या पुन्हा बुडाल्या. मग रुग्णालय, तीन दिवस सुई लावलेला हात आणि दर तासाला चहाडखोराचा आकडा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अशा किती वेळ पडून होत्या?" आम्हाला कोणालाच सांगता येईना. त्या म्हणाल्या, "विचारते एवढ्यासाठी की यात अर्ध्या तासानेही फरक पडतो." त्यांनी कोणाला दोष दिला नव्हता. तरी मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

मामी वाचल्या. इंजेक्शनं सुरू झाली, ज्यांना ते दोघंही भीत होते, आणि हळूहळू टाचेची जखमही भरली. पाय राहिला. चालतात. पण नवव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीजवळ बसल्या होत्या. मला बघून चेहरा उजळला. हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ही बघा, आली ही... ही आपली..." मग थांबल्या. शोधत राहिल्या. कपाळाला आठ्या पडल्या. जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव ठेवणारी बाई माझ्याकडे बघत नाव शोधत होती.

"बाई आहेत," मामा म्हणाले.

"हो. बाई," मामी आज्ञाधारकपणे म्हणाल्या. मला तिथे बसवेना.

दरम्यान चौकशी झाली होती. तपासणी रद्द झाली. अळंबीने खरोखर काय केलं ते कळलंच नाही, आता सगळं पहिल्यापासून करायचं. मामांनी लिहून दिलं, 'उरलेलं औषध मी नेलं. चूक माझी.' सह्यांबद्दल साहेब मला बोलले, चांगलंच बोलले, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं केव्हा?" मी म्हटलं, "कळलं आणि लगेच मी त्यांना सांगितलं." लगेच. साहेबांनी तो शब्द कागदावर उतरवून घेतला. त्या दिवशी काचेबाहेर मला त्यांनी दोन बोटं दाखवली होती, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं, की त्यांनाही आठवायचं नव्हतं, देव जाणे.

दोन आठवड्यांनी मामा शेवटचे आले. नोकरी सोडत होते, मामींना आता एकटं ठेवता येत नव्हतं. किल्ल्या दिल्या, उंदरांची संख्या मोजून दिली. मग वही घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, त्या दिवशीच्या पानावर सही राहिलीय."

मी सवयीने पेन उचललं आणि पानाच्या खालच्या टोकाकडे हात नेला. मामांनी पानावर तळवा ठेवला. जोराने नाही. उंदरावर ठेवत तसाच.

"आधी वाचा," ते म्हणाले. "मग करा."

मी वाचलं. 'दहा पन्नास, चहा. तीन नंबर घरी दिल्याचं बाईंना सांगितलं. दहा पंचावन्न, बाई वर गेल्या. अकरा पाच, पिंजरा बारा, पाणी बदललं. अकरा वीस, जिन्यातून वर पाहिलं. बाई साहेबांच्या दाराबाहेर उभ्या आहेत. अकरा बावीस, पिंजरा चौदा धुवायला घेतला. अकरा पस्तीस, बाई आल्या. म्हणाल्या, घरी चला.' शेवटच्या ओळीशी कागदाला भोक पडलं होतं.

एवढंच. कुठे एक शब्द जास्त नाही, रागाचा नाही, प्रश्नाचा नाही. ते पान माझ्या सहीनंतर साहेबांकडे जाणार होतं, आणि साहेबांच्या कागदावर 'लगेच' लिहिलेलं होतं. मी वर बघितलं. मामा माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेला माझा चहाचा ग्लास होता, तो त्यांनी दोन बोटांनी आत सरकवला.

मला फार भीती वाटली. पुन्हा वाचलं, सगळं, पहिल्या ओळीपासून. मग सही केली.

मामांनी वही आपल्याकडे फिरवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, खिशातलं चालू पेन शोधलं आणि माझ्या सहीखाली आपल्या बारीक, सरळ अक्षरात शेवटची नोंद केली. 'चार दहा, बाईंनी वाचून सही केली.'